फलाह, यश आणि गुणपत्रिका

मराठी भाषेनं एका शब्दात मोठी गंमत करून ठेवली आहे. परीक्षेत मिळतात तेही गुण आणि माणसाच्या अंगी असतात तेही गुण. मग ज्याला नव्वद मिळाले तो गुणी आणि ज्याला पस्तीस मिळाले त्याच्या अंगी काही गुणच नाही, असा हिशोब कुणी न मांडताच होऊन जातो. उर्दूत आम्ही 'नंबर' म्हणतो. नंबर म्हणजे आकडा. आकडा बिचारा स्वतःला सद्गुण म्हणवून घेत नाही. पण भाषा प्रामाणिक असली म्हणून माणसं प्रामाणिक होतातच असं नाही. निकालाच्या दिवशी उर्दू शाळेच्या फाटकाबाहेर जे बाप उभे असतात ते मराठी शाळेबाहेरच्या बापांसारखेच असतात. मुलानं काय शिकलं हे कुणी विचारत नाही. "कितना आया?" एवढंच विचारतात. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न, "बाजूवाल्याला कितना आया?"

या दुसऱ्या प्रश्नातच माणसाचा सगळा स्वभाव आला असं आम्हाला वाटतं.

आम्ही मास्तर लोक यशाचे किरकोळ विक्रेते आहोत. माल आमचा नसतो, पण रोज सकाळी दुकान आम्हीच उघडतो. 'मेहनत करा, कामयाब व्हाल' ही पाटी वर्गाच्या भिंतीवर असते आणि आमच्या जिभेवरही. प्रश्न असा आहे की हे वाक्य खरं आहे का? आणि खरं नसेल, तर ते मुलांना सांगावं का? प्रश्न दिसायला लहान आहे. पण ज्याच्यासमोर साठ मुलं बसलेली असतात आणि त्यांतली निम्मी शाळा सुटल्यावर यंत्रमागाच्या कारखान्यात कांड्या भरायला जातात, त्याला हा प्रश्न रोज पडतो. पडला नाही तर त्यानं नोकरी सोडून दुसरं काही पाहावं.

आधी शब्द तपासून घेऊ. फळ्यावर लिहिण्यापूर्वी शब्द तपासावा, ही सवय बी.एड.च्या वर्षात लागली आणि ती तेवढी एक उपयोगी पडली.

'यश' या शब्दाचा मूळ अर्थ कीर्ती. म्हणजे यशाला बघणारे लोक लागतात. जंगलात एकट्यानं यशस्वी होता येत नाही, निदान टाळ्या वाजवायला माकडं तरी हवीत. 'कामयाबी' हा फारसी शब्द. काम म्हणजे इच्छा, याब म्हणजे मिळवणारा. जे हवं होतं ते मिळालं की माणूस कामयाब. यात बघणारा लागत नाही, पण इच्छा मात्र लागते. आणि इच्छा चांगली होती की वाईट, याची चौकशी हा शब्द करत नाही. खिसेकापूही रोज संध्याकाळी कामयाब होऊन घरी जातो. 'सफल' म्हणजे फळासहित. इथं निदान झाडाची आठवण ठेवली आहे.

चौथा शब्द अरबी, 'फलाह'. दिवसातून पाच वेळा अजानीत तो कानावर पडतो. अर्थ यश, कल्याण. पण त्याचं मूळ पाहिलं तर ते जमीन फोडण्यात आहे, नांगरण्यात आहे. अरबीत शेतकऱ्याला 'फल्लाह' म्हणतात तो याच मुळातून. संस्कृतातलं फळ आणि अरबीतला फलाह यांचं नातं फक्त कानाचं, रक्ताचं नाही. तरी शेजार बरा जमला आहे. एका भाषेनं यश झाडाच्या शेंड्यावर पाहिलं, दुसरीनं ते नांगराच्या फाळाखाली पाहिलं. फळ दिसतं, नांगरणी दिसत नाही. पीक उभं राहिलं की नांगराच्या रेघा झाकून जातात.

यश, प्रेम आणि माणसाचा स्वभाव यांवर हसत हसत बोलावं तर शेख सादींनीच. त्यांनी 'गुलिस्ताँ' पूर्ण केली ती १२५८ साली. त्याच वर्षी हुलागूनं बगदाद उद्ध्वस्त केलं. एका बाजूला पाच शतकांची खिलाफत कोसळत होती आणि दुसऱ्या बाजूला शिराझचा हा माणूस गोष्टींची बाग लावत होता. बागेला आठ दरवाजे, म्हणजे आठ प्रकरणं : राजे, दरवेश, समाधान, मौन, प्रेम आणि तारुण्य, म्हातारपण, शिक्षण आणि संगतीचे रिवाज. पुढे शेकडो वर्षं हिंदुस्थानातल्या मक्तबांत पोरं फारसी शिकली ती याच पुस्तकावर. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या बुजुर्गांच्या बोलण्यात त्यातल्या गोष्टी यायच्या, जशा मराठी घरांतल्या आजोबांच्या बोलण्यात इसापाच्या यायच्या.

शिक्षणाच्या प्रकरणात एक मास्तर आहे. चेहरा आंबट, जीभ कडू, हात सढळ. मुलं त्याच्यापुढं थरथर कापायची. शेवटी लोकांनी त्याला हाकललं आणि त्याच्या जागी एक गरीब, सोशिक, देवभोळा मास्तर आणला. पोरांची भीती गेली आणि भीतीबरोबर अभ्यासही गेला. ती एकमेकांच्या डोक्यावर पाट्या फोडू लागली. काही दिवसांनी सादी तिकडून जातात तर जुनाच मास्तर पुन्हा गादीवर! सादींचा निष्कर्ष असा की बापाच्या लाडापेक्षा उस्तादाची सख्ती बरी.

शेखसाहेबांचा पूर्ण अदब राखून आम्ही इथं त्यांच्याशी सहमत नाही. आणि ते केवळ २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं मुलांना मारायला मनाई केली आहे म्हणून नव्हे. त्या गोष्टीत मास्तर दोनच आहेत, एक मारणारा आणि एक दुर्लक्ष करणारा. तिसरा मास्तर सादींना भेटला नसावा, जो मारत नाही आणि दुर्लक्षही करत नाही. हा तिसरा प्रकार दुर्मीळ आहे हे खरं. पण अस्तित्वातच नाही असं म्हणणं म्हणजे आमच्या सगळ्या जमातीची बदनामी झाली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. खोटं बोलावं का? 'गुलिस्ताँ'ची पहिलीच गोष्ट यावर आहे. राजा एका कैद्याला ठार मारायचा हुकूम देतो. जिवावर उदार झालेला कैदी आपल्या भाषेत राजाला शिव्या घालतो. राजा विचारतो, हा काय म्हणतो? एक भला वजीर सांगतो, हुजूर, राग गिळणाऱ्यांची आणि माफ करणाऱ्यांची तो तारीफ करतो आहे. राजा कैद्याला सोडून देतो. दुसरा वजीर पुढे होऊन म्हणतो, हा खोटं बोलला, कैदी तर शिव्या देत होता. तेव्हा राजा तोंड वाकडं करून म्हणतो, तुझ्या खऱ्यापेक्षा मला त्याचं खोटं आवडलं. त्यामागे भलाई होती, तुझ्या खऱ्यामागे खोट आहे.

गोष्ट सुंदर आहे आणि आम्हा मास्तरांच्या फार सोयीची आहे. 'मेहनत करा, कामयाब व्हाल' हे आमचं त्या भल्या वजिराचं खोटं, असं म्हणून मोकळं होता येतं. पण थोडं थांबलं पाहिजे. वजिराच्या खोट्यानं एक जीव वाचला आणि त्याचं बिल कुणाच्या नावावर फाडलं गेलं नाही. आमच्या खोट्याचं बिल दहा वर्षांनी येतं आणि ते मुलाच्या नावावर येतं. शंभर जागा आहेत आणि हजार मुलं मनापासून अभ्यास करतात, तर नऊशे मागे राहणारच. त्यासाठी आळस लागत नाही, साधी वजाबाकी पुरते. पण ज्याला लहानपणापासून सांगितलं की मेहनत करणाऱ्याला यश मिळतंच, तो मागे राहिल्यावर काय समजेल? तो समजेल की आपणच कुठे कमी पडलो. हरलेला माणूस वर गुन्हेगारही होतो. आणि जो पुढे गेला तोही याच वाक्यावर बिघडतो. त्याला वाटतं, मला मिळालं म्हणजे माझी लायकी होती, आणि ज्याला मिळालं नाही तो नालायक होता. एकाच वाक्यानं दोघांचं नुकसान केलं.

मग मुलांना खरं सांगून टाकावं का, की बाबांनो, तुमचं काही होणार नाही? हे दुसऱ्या वजिराचं खरं झालं. स्टाफरूममध्ये चहाबरोबर ते पुष्कळदा बोललं जातं. "ह्यांचं काय होणार? शेवटी मागावरच जायचं आहे." बोलणाऱ्याला वाटतं आपण मोठे वास्तववादी आहोत. वास्तविक तो फक्त आपल्या आळसाला वास्तवाचा कोट घालतो आहे.

तिसरी वाट समाधानाची. सादींच्या समाधानाच्या प्रकरणात ती जगप्रसिद्ध हकीकत आहे. पायात जोडा नाही, घ्यायला पैसे नाहीत, म्हणून सादी खिन्न होऊन कूफ्याच्या मशिदीत शिरतात. तिथं त्यांना एक माणूस दिसतो, त्याला पायच नसतात. सादी शुक्र अदा करतात आणि जोड्याचं दुःख विसरतात. पिढ्यान् पिढ्या ही गोष्ट आम्ही मुलांना सांगत आलो. पण एखादं चुणचुणीत पोर मध्येच हात वर करून विचारेल, "सर, मग तो बिना पैरवाला किसको देखे?" तर काय उत्तर द्यायचं? ज्या समाधानाला आपल्याहून खाली कुणीतरी असावं लागतं, ते समाधान म्हणजे उलटी टांगलेली स्पर्धाच. वर बघून जळायचं आणि खाली बघून विझायचं. नजर मात्र दोन्ही वेळा बाजूवाल्याच्याच नंबरावर.

आणि समाधानाचा उपदेश कोण कुणाला करतो हेही पाहिलं पाहिजे. नोव्हेंबर २००६ मध्ये सच्चर समितीचा अहवाल आला. २००१ च्या जनगणनेत देशाची साक्षरता ६५.१ टक्के होती, मुसलमानांची ५९.१. सहा ते चौदा वयाच्या मुसलमान मुलांपैकी २५ टक्के मुलं एकतर शाळेत गेलीच नव्हती किंवा गळाली होती. ज्या समाजाचे आकडे असे होते, त्यातल्या पोराला 'यशाच्या मागे धावू नकोस, समाधान मोठं' असं सांगणं हे शहाणपण नाही, ती चैन आहे. ज्यानं कधी जिना पाहिला नाही त्याला जिना चढण्यातली निरर्थकता समजावून काय उपयोग?

गंमत म्हणजे सादींनाही हे ठाऊक होतं. शिक्षणाच्याच प्रकरणाच्या शेवटी त्यांनी आपल्या एका भांडणाची हकीकत दिली आहे. दरवेशाच्या वेशातला एक माणूस मैफलीत श्रीमंतांची निंदा करत असतो. सादी श्रीमंतांची बाजू घेतात. म्हणतात, उपाशी पोटी इबादतीतसुद्धा मन लागत नाही, आणि रिकामा हात कुणाला काय देणार? शब्दानं शब्द वाढतो. एक हा आणि एक दरवेश, दोघे समाधानाचे पुजारी, पण शेवटी गळपट्टी धरण्यापर्यंत मजल जाते! प्रकरण काझीकडे जातं. काझी निवाडा देतो : श्रीमंतांत शुक्रगुजार आहेत तसे कृतघ्न आहेत, गरिबांत सबूर करणारे आहेत तसे कुरकुरणारे आहेत. दोघे समेट करून एकमेकांची मस्तकं चुंबून घरी जातात. समाधानावर पुस्तक लिहिणारा माणूस समाधानाच्या प्रश्नावर हातघाईवर आला आणि ते त्यानं लपवलं नाही, म्हणून आम्हाला सादी जवळचे वाटतात.

यशाचा विषय अर्धवट टाकून जरा प्रेमाकडे जाऊ, कारण तिथूनच काही उजेड मिळाला तर मिळेल. पाचव्या प्रकरणात मजनूची हकीकत आहे. एका अरब बादशहाला कुतूहल वाटतं की जिच्यासाठी हा शहाणासुरता माणूस वेडा होऊन रानात फिरतो, ती लैला आहे तरी कशी! तिला बोलावून पाहतो तर एक सावळी, किरकोळ अंगाची मुलगी. बादशहाच्या जनानखान्यातली साधी दासीसुद्धा तिच्याहून देखणी. मजनू त्याच्या मनातलं ओळखतो आणि म्हणतो, हिला पाहायचं तर मजनूच्या डोळ्यांच्या खिडकीतून पाहायला हवं होतं.

आमच्या मते हा सगळा मूल्यमापनाचा धडा आहे. बादशहानं लैलाला नंबर दिले. इतर बायकांशेजारी उभं करून, रंगाला इतके, बांध्याला इतके, आणि बेरीज कमी आली. मजनूनं बेरीजच केली नाही. प्रेमात लैलाचा पहिला नंबर येत नाही, कारण तिथं दुसरा नंबर नसतोच. आईला विचारा, तुझ्या मुलांत पहिली कोण? चांगली आई असेल तर प्रश्नच समजणार नाही. तरीही तिच्या पसंत-नापसंतीला डोळे असतात. कोण खोटं बोलतो, कोण अभ्यास टाळतो, हे तिला मास्तरापेक्षा जास्त कळतं. प्रेम आंधळं असतं असं म्हणतात. आम्हाला वाटतं, प्रेमाला फक्त बाजूवाला दिसत नाही. समोरचा मात्र स्पष्ट दिसतो.

आणि आपण काय करतो? लग्नासारख्या गोष्टीतसुद्धा बादशहाची खिडकी वापरतो. मुलाचा बायोडाटा, मुलीचा रंग, घर स्वतःचं की भाड्याचं, नोकरी परमनंट की शिक्षण सेवक. मुलगी बघून आलेली मंडळी रिक्षात बसल्या बसल्या निकाल जाहीर करतात. निकाहनाम्यावर तेवढी टक्केवारीची रकाना नाही, हे नशीब.

माणसाचा स्वभावच असा का? 'इन्सान' या शब्दाच्या दोन व्युत्पत्ती जुने उलेमा सांगत आले. एक 'उन्स'पासून, म्हणजे लळा, माया. दुसरी 'निस्यान'पासून, म्हणजे विसर. लळा लावणारा तो इन्सान आणि विसरणारा तोही इन्सान. दोन्ही बरोबर असाव्यात. माणूस माया करतो आणि मग विसरतो की आपण कशावर माया केली होती. पोरगं जन्मलं तेव्हा फक्त ते असावं, एवढीच इच्छा होती. दहावीला येईपर्यंत त्या इच्छेची फक्त टक्केवारी उरते.

मिर्झा गालिबचं उदाहरण घ्या. १७९७ ते १८६९ एवढं आयुष्य. गुणपत्रिका करायची तर लाल शाईच फार लागेल. पेन्शनच्या दाव्यासाठी कलकत्त्यापर्यंत गेले आणि दावा हरले. सात मुलं झाली, एकही वाचलं नाही. जुगाराच्या आरोपाखाली १८४७ साली कैद भोगली. वर आयुष्यभर अभिमान बाळगला तो आपल्या फारसी शायरीचा. उर्दूला ते त्या मानानं दुय्यम समजत. आणि लोकांनी डोक्यावर घेतलं ते त्या छोट्याशा उर्दू दीवानाला. म्हणजे माणूस कशात नापास झाला हे सोडा, पास कशात झाला तेसुद्धा त्याला नीट कळलं नाही! १८५७ नंतर दिल्लीत धरपकड चालू असताना गोऱ्या कर्नलनं विचारलं, तुम्ही मुसलमान? गालिब म्हणाले, अर्धा; दारू पितो, डुक्कर खात नाही. हालीनं ही आठवण लिहून ठेवली आहे. गाव जळत असताना, जिवाची शाश्वती नसताना ज्याला हे सुचतं, त्याला कोणत्या विषयात किती नंबर द्यायचे?

आणि एक नाव घेतल्याशिवाय आम्हा शिक्षकांचा लेख पुरा होत नाही. पुण्यात १८४८ साली फुले दांपत्यानं मुलींची शाळा काढली. त्यांच्यासोबत काम करणाऱ्या फातिमा शेख यांच्याविषयी आपल्याला काय माहीत आहे? सावित्रीबाईंनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी नायगावहून जोतिबांना लिहिलेल्या पत्रात त्यांचा उल्लेख आहे. आपण आजारपणामुळे माहेरी आलो, मागे सगळ्या कामाचा भार फातिमेवर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, अशा आशयाचा. एवढंच. ना आत्मचरित्र, ना भाषण. 'यश' म्हणजे कीर्ती या अर्थानं पाहिलं तर त्यांच्या वाट्याला पत्रातली ओळ आली. पण 'फलाह'च्या अर्थानं पाहा. आज आमच्या वर्गात बुरखा काढून दप्तरात घडी घालणारी आणि बीजगणिताच्या तासाला पहिला हात वर करणारी मुलगी बसते. तिच्या बाकाखालची जमीन कुणी नांगरली? तिला ते नाव माहीत नसेल. पिकाला फाळ माहीत नसतोच.

तेव्हा भिंतीवरच्या पाटीचं काय करायचं? आम्हाला वाटतं, ती काढायची नाही, फक्त वाक्य दुरुस्त करायचं. 'मेहनत करा' हा अर्धा भाग ठेवायचा, तो हुकूम आहे आणि योग्य आहे. नांगरल्याशिवाय पीक येत नाही हे खरंच आहे. 'कामयाब व्हाल' हा दुसरा भाग म्हणजे वचन आहे, आणि पावसाच्या वतीनं वचन देण्याचा अधिकार मास्तराला नाही. त्या जागी मुलांना सांगायचं की नांगरलेली जमीन फुकट जात नाही. तुझं पीक आलं नाही तर तुझ्यानंतरच्याचं येईल. जागा शंभरच का आहेत, हजार का नाहीत, हे विचारण्याची अक्कलही याच नांगरणीतून येईल. ज्याला हिशोब येतो त्याला मागावरच्या मजुरीत कुणी फसवू शकत नाही, ही कामयाबी काही लहान नाही.

आणि मास्तरानं स्वतःसाठी काय लिहावं? हजेरी घेताना एकेक नाव उच्चारताना त्या मुलाकडे मजनूच्या खिडकीतून पाहावं, निदान तेवढा वेळ. साठ नावं आहेत, फार वेळ लागत नाही. नंबर द्यायचे तेव्हा द्यावेत, चोख द्यावेत, उदारपणानं वाढवू नयेत. फक्त ते गुण आहेत असं समजू नये. ते नंबर आहेत.